दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप

चिमटी पळाली, ही बातमी आमच्या गल्लीत दुपारच्या चहाच्या आधीच घरोघर पोचली होती. कुलूप फोडून पळाली. तान्हं मूल टाकून पळाली. आणि इस्त्रीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे तर पायात पुरुषाच्या चपला घालून पळाली, म्हणजे पुढे कुठेतरी पुरुष असणारच. इस्त्रीवाल्याची अक्कल त्याच्या इस्त्रीसारखी आहे. एकदा तापली की जिकडेतिकडे फिरते आणि खालचं सगळं सपाट करून टाकते.

तेव्हा आधी एवढं निस्तरून घेऊ. कुलूप फोडलं नव्हतं. ते आजही त्या दारावर ओरखडाही न पडता बसलेलं आहे. मूल टाकलेलं नव्हतं. ते शेजारच्या शिलाईकाकूंच्या खांद्यावर लाळ गाळत झोपलं होतं. चपला पुरुषाच्या होत्या हे खरं, पण लग्नाच्या नवऱ्याच्या, कारण चिमटीच्या स्वतःच्या चपलांत तिचे पाय शिरेनात. आणि पळण्याचं म्हणाल, तर कठडा धरून, मध्येच थांबून, एकेक पायरी उतरणाऱ्या बाईला जो 'पळाली' म्हणतो त्याने गोगलगायींच्या शर्यतीवर पैज लावावी.

चिमटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. नवीन लग्न होऊन आली तेव्हा अंगाने काडी, आणि सासरचं दुकान कुलूप-किल्ल्यांचं. सासरे हयात होते. त्यांनी गंमत म्हणून सुनेच्या हातात चिमटा दिला आणि उघडलेल्या कुलपातली बारीक पितळी खिटी उचलायला सांगितली. ती तिने उचलली, पुसली, परत बसवली, आणि वर "आतली स्प्रिंग उलटी बसलीय, बाबा," असंही सांगितलं. सासरे गार. त्या दिवसापासून ती चिमटी, आणि दुकानाची खरी मालकीण. पाटीवर नाव नवऱ्याचं असेना का. नवऱ्याला गल्ली 'होहो' म्हणते. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तो म्हणणार, "हो हो, होईल," आणि हळूच मान वळवून बायकोकडे बघणार की होईल ना. गिऱ्हाइकं फोनसुद्धा तिच्याच नंबरवर करतात. "किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं हो," असा रडवेला आवाज आला की चिमटी आधी विचारते, "आत कोणी माणूस आहे का?" माणूस असेल तर ती हातातला घास टाकून उठते. नसेल तर घास संपवून.

तर अशी ही बाई बाळंत झाली, आणि घरी आली ती सासूबाईंच्या राज्यात.

आता सासूबाईंना कोणी खाष्ट म्हणायची सोय नाही. असल्या सासूसाठी बायका नवस बोलतील. स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात त्यांना कोणी टेकू दिलं नव्हतं. अंथरुणातून उठवून चुलीपुढे उभं केलं होतं, घरात माणसांचा राबता, जो येईल तो मुलाचा मुका घेणार. त्यातला कोणीतरी खोकणारा निघाला. ते पहिलं मूल त्यांच्या हाताला लागलं नाही. ही गोष्ट त्या कधी कोणाला सांगत नाहीत, आणि तरी ती घरात सगळ्यांना माहीत असते, जसं कुठल्या फरशीखाली पोकळ आहे ते माहीत असतं. त्यावर पाय न ठेवता माणसं चालतात.

म्हणून सुनेच्या वेळी त्यांनी पदर खोचला. मागची खोली निवडली, कारण तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. तिथे उजेडही येत नव्हता, खिडकी उघडायची ती इमारतीच्या मधल्या बोळात, समोर भिंत आणि भिंतीवर पाण्याचे पाइप. पडदे ओढले. दारावरची घंटा काढून ठेवली. सुनेने कपही उचलायचा नाही. सूप उशाशी, दूध उशाशी, औषध उशाशी. आणि फोन? फोन दुकानात. कारण गिऱ्हाइकं तिच्याच नंबरवर फोन करणार, आणि बाळ दचकणार.

"माझा फोन राहू द्या ना, आई. आवाज बंद करून ठेवते."

"अगं, डोळे जातील. बाळंतिणीने उजेडाकडे बघू नये. तू फक्त झोप."

"सारखी कशी झोपू?"

"आम्हाला झोप मिळाली नाही आणि तुला मिळतेय तर नको म्हणतेस. कमाल आहे बाई!"

यावर काय बोलायचं? भांडखोर सासूशी भांडता येतं. पायाखाली उशी सरकवणाऱ्या सासूशी कशावरून भांडणार? कोणाकडे जाऊन सांगणार, की मला फार जपतात हो, वाचवा? चिमटी गप्प पडून राहिली. पाइपातून वरच्यांचं पाणी खाली जायचं, ते ती ऐकायची. बसलं की टाके ओढायचे, आडवं पडलं की पाठ. अंगावरून जात होतं ते कमी होतंय की वाढतंय हे विचारायला तिला कोणी भेटत नव्हतं, कारण सगळे विचारत होते ते एकच. "बाळाने दूध घेतलं का? बाळाला शी झाली का? बाळ हसलं का?" पहिल्या आठवड्यात बाळ हसत नसतं, वायू सरकतो, पण ते हसलं असा ठराव घरात एकमताने पास झाला होता.

आणि मग ते कुलूप.

झालं असं की कोणी एक लांबची आत्या बाळ बघायला आली आणि सासूबाई भाजी आणायला गेलेल्या असताना चिमटीने दार उघडून तिला आत घेतलं. आत्या शिंकली. एकदाच, आणि तीही तोंडावर रुमाल धरून. पण सासूबाईंनी जिन्यातून ती शिंक ऐकली. संध्याकाळी होहोला फर्मान सुटलं. "असं कुलूप बसव की मी बाहेर गेले की दार ना बाहेरून उघडेल, ना आतून."

"हो हो," म्हणाला होहो.

दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप असतं. दुकानात ते मिळतं, पण विकताना चिमटी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते, की दुसरी किल्ली आतल्या खिळ्यावर टांगायची, घरात माणूस असताना फक्त बाहेरून किल्ली फिरवून जायचं नाही, उद्या आग लागली तर माणूस कुठून पळेल? हे पाठ होहोलाही होतं. पण वैद्याच्या घरी पथ्य कोण पाळतो? किल्लीवाल्यांच्या घरात कोण कोंडलं जाणार, असा हिशेब झाला असावा. मोठ्या हौसेने त्याने दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप आणलं. एक किल्ली स्वतःच्या जुडग्यात, दुसरी आईच्या कमरेला. बायकोची हत्यारांची पेटी दुकानात होतीच. बसवून झाल्यावर तो कौतुकाने बायकोला म्हणाला, "बघ, तुलासुद्धा उघडता येणार नाही."

ती हसली. तेव्हा तिचं डोकं दुखत होतं.

ते दुखणं आधी डोळ्यांच्या मागे बसलं, मग कपाळभर पसरलं. गोळी घेतली की थोडं मागे सरकायचं आणि परत यायचं, हट्टी पाहुण्यासारखं. बोटातली अंगठी फिरेना. सकाळी आरशात तोंड पाहिलं तर ओळखीचं नव्हतं, पाव फुगावा तसं. "काय छान भरलीस गं," सासूबाई म्हणाल्या. "माझं दूध-सूप अंगी लागतंय हो."

"आई, डोकं फार दुखतंय."

"झोप मोडतेय ना, त्याने. मी पडदा नीट लावते."

पडदा नीट लागला. थोड्या वेळाने तिने परत हाक मारली. "आई!" सासूबाई ओले हात पुसत धावत आल्या. थेट बाळाकडे. नाकाशी बोट धरलं, पोटाला हात लावला, टोपी सरळ केली. "झोपलंय गं गुणी बाळ. उगीच घाबरतेस," म्हणाल्या आणि तशाच मागे वळल्या.

इस्पितळातून निघताना नर्सने सगळं सांगितलं होतं. ती सांगत होती तेव्हा होहो बाळाला धरायचं कसं याचा सराव उशीवर करत होता, आणि सासूबाई टोपीच्या नाड्या बांधत होत्या. ऐकत होती एकटी चिमटी. "डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे ठिपके आले, तोंडा-हातावर एकदम सूज आली, तर वाट बघत बसू नका. सरळ या. बाळंतपणाआधी रक्तदाब ठीक होता म्हणून नंतरही ठीक राहतो असं नाही." मग नर्सने वर बघून विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" आणि होहो उशीसकट म्हणाला होता, "हो हो."

रात्री तिने नवऱ्याला त्याची आठवण करून दिली.

"अहो, ती नर्स म्हणाली होती..."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणतात झोप."

"मग झोप ना. आईने किती बाळंतपणं पाहिलीत!" असं म्हणून त्याने पाळण्यात डोकावून बघितलं, आणि त्याला स्वतःलाच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ठिपके आले. दुपारी सासूबाई भाजी आणि बाळाचे थेंब आणायला बाहेर पडल्या. कुलपाची जीभ खट्टकन चौकटीत शिरल्याचा आवाज चिमटीने पडल्या पडल्या ऐकला. आयुष्यभर तो आवाज तिला गोड वाटत आला होता. नीट बसलेल्या कुलपाचा आवाज तसाच असतो. त्यानंतर समोरच्या भिंतीवरचे पाइप हलायला लागले. मग त्या पाइपांवर चमचमते ठिपके फिरायला लागले, धुळीत ऊन शिरावं तसे. पण त्या खिडकीत ऊन कधीच नसायचं. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या अंगाला, कोणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं दुखत होतं.

बाळ झोपलं होतं. मजेत. त्याचं सगळं ठीक होतं.

मीच इथे पडले आणि शुद्ध गेली, तर आई येतील आणि आधी पाळण्यात बघतील, असं तिच्या मनात आलं. पाळण्यात सगळं ठीक दिसलं की पडदा नीट लावतील आणि स्वयंपाकघरात जातील. तेव्हा ती उठली.

भिंत धरत स्वयंपाकघरात गेली. त्या भिंतीपलीकडे शिलाईकाकूंचं मशीन असतं. काकू पडदे आणि गाद्यांचे अभ्रे शिवतात, आणि मशीन चालू असेपर्यंत त्यांना भूकंपही कळत नाही. चिमटीने डाव घेतला आणि भिंतीवर ठोकला. मशीन चालूच. पुन्हा ठोकला. भिंतीचा पोपडा गेला तेव्हा कुठे मशीन थांबलं.

"काय गं बाई, भिंत पाडतेस का?" काकूंचा आवाज. थोड्या वेळाने त्या दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. "उघड की."

"किल्ली नाही काकू."

"किल्ल्यांच्या घरात किल्ली नाही?" काकू मनापासून हसल्या. "बाळ कसं आहे?"

"बाळ बरंय. मला बरं नाही. मला इस्पितळात जायचंय. आत्ता."

"अगोबाई! बाळ घेऊन?"

"काकू, बाळाचं सोडा हो! यांना फोन लावा."

काकूंनी फोन लावला आणि दाराच्या फटीशी धरला. होहो गावाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा शाळेचं कपाट उघडत बसला होता.

"अरे, तुझी बायको आत कोंडलीय. तिला बरं वाटत नाहीये."

"आई येईलच इतक्यात. बाळ रडतंय का?"

"नाही रे, बाळ..."

"मग झालं तर. तिला म्हणावं, पडून राहा. हो हो, येतोच मी."

फोन बंद झाला.

"बाजारात जाऊन तुझ्या सासूला शोधून आणू का?" काकू म्हणाल्या. आवाजातली गंमत आता गेली होती.

"त्या गप्पा मारत कुठल्या दुकानात असतील कोण जाणे. काकू, जाऊ नका. तुमच्या मशीनचा स्क्रूड्रायव्हर आहे ना, चौफुलीचा? तो दाराखालून सरकवा."

"त्याने एवढं मोठं कुलूप उघडेल?"

"कुलूप नाही उघडायचं."

कुलूप बनवणारा माणूस चोर बाहेरून येणार असं धरून चालतो. बाहेरच्या बाजूला पोलादाची ढाल, भोकात पेचावर पेच. पण आत, चौकटीवर, ज्या लोखंडी डबीत कुलपाची जीभ शिरते ती डबी नुसत्या स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू निघाले की डबी निघते, डबी निघाली की जिभेला धरायला काही उरत नाही. आतला माणूस चोर नसतो ना, त्याच्यापासून कशाला जपायचं? चाकूने तिने आधीच करून बघितलं होतं, टोक घसरत होतं. स्क्रू चौफुलीचे, आणि होहोने आईला खूश करायला लांबातले लांब वापरलेले.

खुर्ची ओढून ती दारापाशी बसली. टाके ओढले, तिने दात आवळले. एरवी हे काम तिच्या हातचा मळ. आज बोटं उशा झाली होती, दांडा जाणवतच नव्हता. स्क्रूची चौफुली दिसायची, मग तिच्यावर ठिपके यायचे, मग नुसतेच ठिपके.

"दिसतंय का तुला?" बाहेरून काकू.

"नाही."

"मग गं?"

"बाबांनी डोळे मिटून करायला शिकवलं होतं." तिने डोळे मिटले. डाव्या हाताच्या बोटाने चौफुली चाचपली, उजव्याने टोक टेकवलं, आणि अंगाचा भार दिला. स्क्रू हलेना. पुन्हा. हलला. "काकू, बोलत राहा. काहीही बोला. मी उत्तर दिलं नाही तर लोकांना बोलवा आणि दार फोडा."

बोलत राहा, असं शिलाईकाकूंना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. त्या सुटल्याच. वरच्या मजल्यावरच्या सुनेचं माहेर, इस्त्रीवाल्याने जाळलेला अभ्रा, तो आपला नाहीच म्हणून त्याने घेतलेली शपथ. मध्येमध्ये विचारत होत्या, "आहेस ना?" आतून यायचं, "आहे." एकदा "आहे" यायला वेळ लागला, तर त्या बाईने खांद्याने दाराला अशी धडक दिली की खांदा पुढे कित्येक दिवस धरला होता. आतून आवाज आला, "धक्का नका देऊ, स्क्रू अडकतो!"

शेवटचा स्क्रू निघाला. डबी हातात आली. दार आत ओढल्यावर कुलपाची जीभ हवेत तशीच बाहेर लोंबत राहिली, वेडावून दाखवल्यासारखी.

सगळे स्क्रू तिने एका बशीत ठेवले. सवय. निघालेला स्क्रू जमिनीवर ठेवायचा नसतो, हरवतो. बाळ काकूंच्या खांद्यावर गेलं. चपलांत पाय शिरेनात, तेव्हा नवऱ्याच्या जुन्या चपला ओढल्या. जिना उतरताना खाली इस्त्रीवाला उभा होता. त्याने चपला बघितल्या, उघडं दार बघितलं, लोंबणारी जीभ बघितली आणि बाकीचं स्वतःच शिवून घेतलं. बाळ मात्र त्याला दिसलं नाही. काकूंचा खांदा रुंद आहे.

इस्पितळात खिडकीमागच्या नर्सने हात पुढे केले ते बाळासाठीच. "काय झालं बाळाला?"

"बाळाला काही नाही," चिमटी म्हणाली. "मी आजारी आहे. डोकं थांबत नाही, ठिपके दिसतात, सूज आहे."

नर्सने वर बघितलं. तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. मग चाकाची खुर्ची ओढली आणि आत डॉक्टरीणबाईंना हाक दिली. नंतर डॉक्टरीणबाईंनी काकूंना सांगितलं ते एवढंच, की झटके यायच्या आधी आणलीत. शिरेतून औषध सुरू झालं. चिमटीला ठेवून घेतलं, बाळही तिच्याजवळच ठेवलं. खोलीला मोठी खिडकी होती, आणि तिच्यावर पडदा होता तरी तो कोणी लावला नाही.

होहो आला तो घामाने चिंब, हातात बशी. बशीत स्क्रू. ती कशाला आणली हे त्यालाही सांगता येईना. घरी उघडं दार बघितलं, रिकामा पाळणा बघितला, त्याआधी खाली इस्त्रीवाल्याने आपली कथा ऐकवली होतीच, आणि काकूंनी फोनवर 'इस्पितळात ये' म्हटल्यावर जे हाताला लागलं ते घेऊन माणूस धावत सुटला. बायकोला नळ्या लावलेल्या बघून तो दाराशीच थांबला. डॉक्टरीणबाईंनी त्याला काय होऊ शकलं असतं ते सांगितलं. या वेळी तो 'हो हो' म्हणाला नाही. बशी धरून नुसता उभा राहिला.

मागोमाग सासूबाई. भाजीची पिशवी तशीच हातात. त्या आत आल्या आणि पाय आपोआप बाळाकडे वळले. नाकाशी बोट, पोटाला हात, टोपी सरळ. मग अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी सुनेच्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं. आदल्या दिवशी सकाळी 'छान भरलीस' म्हणाल्या होत्या, तेच तोंड. पिशवी खाली ठेवून त्या खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांना शब्द सुचला तो रागाचाच. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचतं?

"एवढं होत होतं, तर मला हाक मारायची नाही का गं?"

चिमटीने डोळे उघडले. औषधाने जीभ जड झाली होती, पण शब्द नीट आले.

"मारली होती, आई. दर वेळी तुम्ही आलात आणि बाळाला बघून परत गेलात."